आकाशातील ठाणे आणि जमिनीवरील खजिना

वाचकहो, १८ सप्टेंबर २०२४ रोजी भारत सरकारच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. पृथ्वीभोवती फिरणारे, माणसांना राहता येईल असे भारताचे स्वतःचे अवकाश स्थानक उभारायचे, आणि त्याचा पहिला भाग २०२८ साली वर धाडायचा, असा तो निर्णय. पुरे स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याचा संकल्प आहे. गगनयानाच्या मूळ योजनेत या कामाची भर घालून एकूण खर्चाचा आकडा वीस हजार एकशे त्र्याण्णव कोटी रुपयांवर नेण्यात आला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या दोन यानांनी अवकाशात एकमेकांना जोडून घेतले, आणि त्याच वर्षी जून-जुलैत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून सुखरूप परत आले.

या बातम्यांनी मन आनंदते, यात शंका नाही. पण आनंद ओसरला की घरातला कर्ता माणूस जो प्रश्न विचारतो, तोच इथेही विचारावा लागतो. पैसा कोणाचा? सरकारने घालावा, की ज्यांना धंदा करायचा आहे त्या कंपन्यांनी? की चार राष्ट्रांनी वर्गणी काढावी? आणि एकदा घातला, तर पुढे दरवर्षी कोण घालणार?

हा प्रश्न नवा वाटतो, पण तो नवा नाही. अवकाश स्थानक म्हणजे तरी काय? आकाशाकडे आणि पृथ्वीकडे सतत डोळा ठेवण्यासाठी, प्रयोग करण्यासाठी बांधलेली, पगारी माणसांनी चालवलेली, रोज दुरुस्ती मागणारी एक जागा. अशा जागांना आपण वेधशाळा म्हणत आलो. फरक इतकाच, की ही वेधशाळा जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. तेव्हा वेधशाळांचा खर्च आपल्या देशात आणि आपल्या मुलुखात आजवर कोणी केला, आणि त्या करण्याचे फळ काय मिळाले, हे पाहिले तर पुढची वाट थोडी उजळेल.

प्रथम राजेलोकांचे पाहू. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. राजा स्वतः गणिताचा जाणकार. त्याने देशोदेशीचे ग्रंथ जमवले, विद्वान जमवले. त्यांतला जगन्नाथ सम्राट हा मूळचा महाराष्ट्रीय. त्याने टॉलेमीचा आणि युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आणला. खर्चाला हात आखडता नव्हता. पण १७४३ साली राजा वारला आणि वेध घेणारे हात थांबले. मथुरेची वेधशाळा तर पुढे नामशेष झाली. उज्जैनची भग्नावस्थेत पडून राहिली, ती १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविली तेव्हा पुन्हा वापरात आली. म्हणजे एका राजाने बांधावी, आणि दुसऱ्या राजाच्या मनात यायला एकशे ऐंशी वर्षे लागावीत! राजाचा खजिना मोठा असतो. पण त्या खजिन्याची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते, ही त्यातली मेख.

आता दुसरा मासला पाहा. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईस कुलाब्याला वेधशाळा उभारली. कंपनी ही व्यापाऱ्यांची. तिला ग्रहताऱ्यांचे प्रेम नव्हते. तिला बंदरातल्या गलबतांसाठी बिनचूक वेळ हवी होती. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाली. आपले केरूनाना छत्रे कोवळ्या वयात याच वेधशाळेत नोकरीला लागले होते. काम रुक्ष. ठरल्या वेळी सुई पाहायची, आकडा लिहायचा, पुन्हा सुई पाहायची. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

पण पुढे काय झाले ऐका. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर प्रचंड उत्पात झाला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, जिथे कधी दिसत नाही तिथे ध्रुवप्रकाश दिसला. त्या दिवशी कुलाब्याच्या कारकुनांनी नेहमीप्रमाणे सुई पाहिली, आणि ती फार हलते आहे असे दिसताच नोंदी अधिक जवळजवळ घेतल्या. चुंबकीय बलात सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांची घट त्यांनी टिपून ठेवली. ती वही जपून ठेवली गेली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या सौरवादळाचा जोर किती होता, हे मांडले. आज आकाशात उपग्रह आहेत, स्थानके आहेत, त्यांत माणसे आहेत. तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल याचा अंदाज बांधताना मुंबईच्या त्या वहीकडे पाहावे लागते. ज्या कारकुनाने तो आकडा लिहिला त्याचा पगार देणाऱ्याला या लाभाची कल्पनाही नव्हती.

या कथेला आणखी एक पुरवणी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरले. विजेने सुया बिघडणार. तेव्हा सरकारने अलिबागला, बांधकामात लोखंड न वापरता, नवी वेधशाळा बांधली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताळा जमवला, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम बंद केले. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, तेही गेले, स्वराज्य आले. वही मात्र बंद पडली नाही. काम एका माणसाच्या हौसेवर न सोपवता खात्याच्या अंदाजपत्रकात घातले, म्हणून हे झाले.

तिसरी हकीकत पुण्याची. ती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या प्रश्नाची सगळी बीजे तिच्यात आहेत.

कावसजी दादाभाई नायगामवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून तो कशाचा बनला आहे हे सांगण्याचे शास्त्र तेव्हा युरोपातही नवे होते. नायगामवालांना तसली वेधशाळा इथे काढायची होती. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने त्यात तितकीच भर घातली. म्हणजे निम्मा राजाचा, निम्मा सरकारचा, असा हिशेब झाला. नायगामवाला विलायतेस जाऊन यंत्रे पाहून आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांची नेमणूक झाली, आणि १८८८ साली त्या कॉलेजाच्या आवारात महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. पुढे तिथे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण आली. कित्येक वर्षे एवढी मोठी दुर्बीण भारतात दुसरीकडे नव्हती. पुण्यात, बरे का, जिथे त्याच काळात पंचांग सुधारावे की नाही यावर कडाक्याचे वाद चालू होते!

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून विजयदुर्गाजवळ आत शिरली आणि ईशान्येकडे सरकली. नायगामवालांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे तळ दिला. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी आली होती; त्यांचा खर्च क्रॉकर नावाच्या धनिक घराण्याने सोसला होता. विजयदुर्गला सर नॉर्मन लॉकयर आले; त्यांच्या मदतीला इंग्लंडच्या आरमाराची माणसे होती. एकच ग्रहण, दोन मिनिटांचा खेळ. आणि तीन थैल्या: एक सावकाराची, एक साम्राज्याची, आणि एक आपल्या कॉलेजाची. त्याआधी तीस वर्षे, १८६८ च्या ग्रहणात, आपल्या शेजारच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी रॉयल सोसायटीच्या यंत्रांनी सूर्याच्या ज्वालांचे वेध घेतले होते. म्हणजे दक्षिण महाराष्ट्राच्या माळांना हे पाहुणे नवे नव्हते. पाहुणे आले, पाहून गेले. वेधशाळा मात्र पुण्याची होती.

आणि तिचे काय झाले? १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले. त्यांच्या जागी तेच काम पुढे नेणारा माणूस तयार केला गेला नव्हता, तशी जागाही मंजूर नव्हती. वेधशाळा मोडली, यंत्रे पेट्यांत भरून कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाली. चोवीस वर्षांत खेळ आटोपला. यंत्रांचे दाम देणारे दोघे मिळाले होते. माणसे घडवण्याचे दाम देणारा एकही मिळाला नाही.

इथे कोल्हापूरकराला आपल्या घरची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले ते १९०९ च्या सुमारास. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पण महाराजांची दृष्टी लांबची. नऊ-दहा वर्षे काम चालले. मग महायुद्धाच्या महागाईने घेरले आणि १९१८ साली काम थांबले. १९२२ साली महाराज गेले. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक उजाडावे लागले. अर्धे धरण हे काही अर्ध्या भाकरीसारखे नसते, की निदान अर्धी भूक तरी भागेल. मोठे काम पुरे होईपर्यंत त्याचे मोल पुरे मिळत नाही. आणि पुरे होईपर्यंत ते ज्याने सुरू केले त्याच्या आयुष्यापेक्षा लांबते. तरी ते धरण पुरे झाले, कारण कल्पना महाराजांची असली तरी गरज सगळ्या मुलुखाची होती, आणि राज्ये बदलली तरी शेतकरी पाणी मागतच राहिला.

आता वर जाऊ या. अवकाश स्थानकांचा इतिहास पुऱ्या साठ वर्षांचाही नाही. पण तेवढ्यात त्याने वरच्या सगळ्या गोष्टी पुन्हा करून दाखवल्या आहेत.

रशियाचे पहिले सॅल्यूत १९७१ साली गेले. अमेरिकेचे स्कायलॅब १९७३ साली. स्कायलॅबवर तीन तुकड्या राहून आल्या, मग पैसा दुसरीकडे वळला, आणि रिकामे स्थानक हळूहळू खाली येऊ लागले. जुलै १९७९ मधले ते दिवस आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असतील. ते कोठे पडणार, या धास्तीने आपल्याकडेही गावोगाव चर्चा चालली होती. अखेर ११ जुलैला त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात पडले. बांधण्याचा खर्च मंजूर करताना उतरवण्याचा खर्च कोणी धरला नव्हता, त्याचे हे फळ.

रशियाचे मीर १९८६ साली गेले. मे १९९१ मध्ये सर्गेई क्रिकालेव्ह त्यावर चढला तेव्हा तो सोव्हिएत संघाचा नागरिक होता. मार्च १९९२ मध्ये तो उतरला तेव्हा सोव्हिएत संघ नावाचे राज्यच उरले नव्हते! ज्याने पाठवले त्याचा खजिना बुडाला आणि माणूस वर. जयसिंगाच्या वेधशाळेचीच ही कथा, नाही का? पुढे अमेरिकेने आपले अंतराळवीर मीरवर ठेवण्यासाठी पैसे दिले, म्हणून ते आणखी काही वर्षे चालले. अखेरीस एका खाजगी कंपनीने ते भाड्याने चालवून पाहिले, पण जमले नाही. २००१ साली ते प्रशांत महासागरात बुडवण्यात आले.

या अनुभवातून आंतरराष्ट्रीय स्थानक जन्मले. १९९८ साली पहिला भाग गेला, नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातली राष्ट्रे मिळून पंधरा भागीदार. खर्च शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेला; एकट्या अमेरिकेला ते चालू ठेवण्यास वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर लागतात. वर्गणीचे देऊळ म्हणा ना! भागीदार एकमेकांवर रुसले, युद्धे झाली, तरी कोणाला अंग काढून घेणे सोपे गेले नाही, कारण एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्रावाचून चालत नाही. पण देवळात कोणाला शिरू द्यायचे हेही वर्गणीदारच ठरवतात. २०११ च्या अमेरिकी कायद्याने त्यांच्या अवकाश संस्थेला चीनशी सहकार्य करणे जवळजवळ बंद झाले. चीनने मग आपले स्वतःचे स्थानक बांधले, ते २०२२ साली पुरे झाले. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास खाली आणायचे ठरले आहे, आणि या वेळी ते उतरवणाऱ्या यानाचा ठेका २०२४ सालीच देऊन ठेवला आहे, सुमारे चौऱ्याऐंशी कोटी डॉलरांपर्यंतचा. स्कायलॅबचा धडा तेवढा शिकला म्हणायचा. त्यानंतर खाजगी कंपन्यांनी स्थानके बांधावीत आणि सरकारने त्यांत भाड्याने जागा घ्यावी, असा अमेरिकेचा विचार आहे.

आपण आजवर पाहुणे होतो. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूतवर गेले ते रशियाच्या मैत्रीने. २०२५ साली शुभांशु शुक्ला गेले ते भाडे भरून. त्या मोहिमेसाठी आपण सुमारे साडेपाचशे कोटी रुपयांची तरतूद केली, आणि तिकीट एका खाजगी कंपनीकडून घेतले. आता घर बांधायचे म्हणतो.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले. आधी त्याचे पाहा, मग आकाशाचे बघू. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. पावसाचे ढग दाखवणारे, पुराचा पसारा मोजणारे उपग्रह आपल्याला हवेतच. पण ते काम बिनमाणसी उपग्रह करतात, त्याला माणसांचे स्थानक लागत नाही. स्थानकाची तरफदारी करताना उपग्रहांचे श्रेय त्याच्या खात्यावर मांडणे हा हिशेबातला लबाडपणा होईल. स्थानकाचा खरा लाभ वेगळा आहे: वजनरहित अवस्थेत पदार्थ, पेशी, औषधे कशी वागतात याचा अभ्यास, माणसाचे शरीर तिथे कसे टिकते याचे ज्ञान, आणि असले अवघड काम वर्षानुवर्षे बिनचूक करणाऱ्या माणसांची पिढी. हे लाभ कुलाब्याच्या वहीसारखे आहेत. आज दिसत नाहीत. म्हणूनच त्यांना धनको मिळणे कठीण.

मग कोणी द्यावे? इतिहासाच्या आधारे माझे मत असे आहे. ज्या लाभाचा मालक ठरवता येत नाही, त्याचा पाया सरकारने घालावा. कारण दीडशे वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या वहीला कोणताही व्यापारी भांडवल देणार नाही, आणि द्यावे अशी अपेक्षाही करू नये. ज्याला मालक आहे, म्हणजे एखादी औषध कंपनी तिथे आपल्या मालाचा प्रयोग करू पाहते, तिने रोख भाडे मोजावे. सरकारी जागा स्वस्तात देऊन नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक असा व्यवहार होऊ नये. दुसऱ्या राष्ट्रांना भागीदार जरूर करावे. १९६३ साली थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले तेव्हा रॉकेट अमेरिकेचे, त्यातले साहित्य फ्रान्सचे, आणि जागा केरळच्या किनाऱ्यावरल्या कोळ्यांच्या वस्तीची व चर्चची होती. त्या भागीदारीत आपण शिकलो, मिंधे झालो नाही.

पण माझा खरा आग्रह दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पैसा कोणाचा यापेक्षा तो कशावर आणि किती वर्षे, हे आधी ठरवा. मंजुरीच्या कागदावर तीन रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात: बांधण्याची, दरवर्षी चालवण्याची आणि शेवटी उतरवण्याची. बांधण्याच्या रकमेची बातमी होते. बाकीच्या दोन रकमांवर काम जगते किंवा मरते.

आणि चौथी रक्कम माणसांची. पुण्याची वेधशाळा तिथेच फसली. स्थानकावरील जागेचा ठराविक वाटा विद्यापीठांसाठी राखून ठेवावा, आणि तो मोठ्या शहरांतल्या चार संस्थांपुरता नसावा. याचा नमुना आपल्या राज्यातच आहे. १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने पुण्यास आयुका स्थापिली. साऱ्या विद्यापीठांनी मिळून वापरायची ही संस्था. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. २०२५ साली ते निवर्तले. एका विद्यापीठाला न परवडणारी दुर्बीण सर्वांची म्हणून घ्यायची, आणि कोणत्याही गावच्या प्राध्यापकाने प्रस्ताव पाठवून तिच्यावर हक्क सांगायचा, ही त्यामागची रीत. खोडदच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीणही सरकारी पैशाची, पण तिचा वेळ प्रस्तावाच्या गुणावर जगभरच्या अभ्यासकांना मिळतो.

कोल्हापूर या वाटेवर अगदीच परके नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे. वातावरणाच्या वरच्या थरांतले वारे तिथून रडारने मोजले गेले आहेत. पन्हाळ्यावर विद्यापीठाचे अवकाश निरीक्षणाचे केंद्र आहे. ही भूचुंबकत्व संस्था म्हणजे कुलाब्याच्या त्या जुन्या वहीचीच वारसदार होय. तेव्हा आपल्या भागातला एखादा विद्यार्थी उद्या स्थानकावरील प्रयोगासाठी प्रस्ताव लिहील, ही काही गारुड्याची गोष्ट नव्हे. त्याच्यासाठी दार उघडे आहे की नाही, हे मात्र आज, खर्चाचे कागद तयार होत असतानाच पाहायला हवे.

वाचकहो, कर तुम्ही भरता. साडी घेताना, तेल घेताना, एस. टी.चे तिकीट काढताना भरता. तेव्हा २०३५ साली आकाशात एक ठिपका सरकताना दिसला आणि कोणी म्हणाले, ते पाहा सरकारचे स्थानक, तर त्याला खुशाल सांगा की ते आमचे आहे. पण त्याआधी, आपल्या खासदाराला एवढे विचारून ठेवा: चालवायला किती लागणार, उतरवायला किती लागणार, आणि आमच्या गावच्या कॉलेजाला तिथे जागा किती?